मृग लागायच्या आत फायबरची तयारी

कोकण आणि घाटातून जाणारे टेलिकॉमच्या ऑप्टिकल फायबर केबलचे रूट ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ही कामं मेच्या मध्यालाच हातात घ्यावीत. पाऊस लागला की चेंबर, म्हणजे केबलसाठी जमिनीत बांधलेले हौद, पाण्याने भरतात, रस्त्यावर दरड येते आणि मग मोजमाप करायला सवड मिळत नाही.

पहिलं काम, प्रत्येक स्पॅनचा, म्हणजे दोन केंद्रांमधल्या केबलचा, ओटीडीआर ट्रेस नव्याने काढून ठेवणं. ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाश सोडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून किती अंतरावर किती लॉस आहे ते दाखवतो. गेल्या वर्षीचा उपयोगाचा नाही. मधल्या काळात रुंदीकरणाच्या कामात केबल तुटलेली असते आणि प्रत्येक दुरुस्तीत जॉइंट वाढलेले असतात. ८० किलोमीटरच्या स्पॅनमधल्या लॉसचा, म्हणजे प्रकाश किती डीबीने कमी होतो याचा, हिशेब आधी कागदावर मांडा: १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे ०.२ डीबी धरून १६, चाळीसेक जॉइंटचे मिळून २, दोन्ही टोकांच्या कनेक्टरांचा १, म्हणजे १९. मीटर २३ दाखवत असेल, तर ते चार डीबी कुठे जातात ते आत्ताच शोधा. तोच फायबर १३१० वरही मोजा. एखाद्या जागी १५५० ला लॉस बराच जास्त आणि १३१० ला कमी दिसला, तर संशय जॉइंटवर नको; तिथे केबल वाकली किंवा दबली आहे. ती जागा घाटउतारावर असेल तर माती सरकतेय का, हे माणूस पाठवून बघा.

ओटीडीआर ज्यावरून अंतर काढतो तो अपवर्तनांक त्याच केबलचा भरलाय ना, तेही बघा. १.४६८ च्या जागी १.४६० राहिला, तर ६० किलोमीटरवर सुमारे ३३० मीटरची चूक होते. शिवाय प्रत्येक चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. ती रूटच्या नकाशात नोंदलेली हवीच. एका पावसाळ्यात आम्ही मध्यरात्री ओटीडीआरचं अंतर ही गुंडाळी वजा न करता थेट रस्त्यावर मोजलं आणि दोन ठिकाणी फुकट खड्डे खणले. तुटलेली जागा त्या खड्ड्यांच्या अलीकडे, एका मोरीखाली सापडली, तोवर उजाडलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक चेंबरचं ओटीडीआरवरचं अंतर आणि जीपीएसची जागा एकाच ओळीत लिहून ठेवायला लावतो.

आता रिंग, म्हणजे केंद्रांना गोलाकार जोडणारी केबल. एक बाजू तुटली की पन्नास मिलिसेकंदांत ट्रॅफिक दुसऱ्या बाजूला वळतं, पण ती दुसरी बाजू खरंच वेगळ्या वाटेने जाते का? स्क्रीनवर गोल दिसणाऱ्या रिंगच्या दोन्ही केबल एकाच पुलाच्या कठड्याला बांधलेल्या असू शकतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, हे कोकणात काम करणाऱ्याने विसरू नये. रूट स्वतः चालून बघा, पूल आणि मोऱ्या मोजा, आणि जिथे दोन्ही केबल एकत्र येतात त्या जागेवर नकाशात लाल खूण करा. मला विचाराल तर अख्ख्या यादीतलं सर्वात मोलाचं काम हेच, आणि नेमकं तेच पुढच्या वर्षावर ढकललं जातं.

एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, सगळ्या उपकरणांची घड्याळं एकाच वेळेवर आणा. एक केबल तुटली की शेकडो अलार्म एकदम येतात. आधी कोणता आला हेच कळलं नाही तर मूळ शोधणार कसं? प्रत्येक लिंकची आजची पॉवर आणि एफईसीच्या (फॉरवर्ड एरर करेक्शन) आधीचा एरर रेट नोंदवून ठेवा. एफईसी चुका दुरुस्त करत राहतं, म्हणून ग्राहकाला काही जाणवत नाही, पण हा आकडा रोज थोडा चढत असेल तर लिंक आजारी आहे. त्यासाठी वेगळा, आधीच वाजणारा अलार्म लावा.

बॅटऱ्या लोडवर चालवून बघा, जनरेटरमध्ये डिझेल भरा. चिपळूणमध्ये एखाद्या केंद्राच्या बॅटऱ्या तळमजल्यावर असतील, तर जुलै २०२१ च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते विचारा आणि बॅटऱ्या त्याच्या वर न्या.

गाडीत फायबर जोडायचं स्प्लाइस मशीन, त्याचे नवे इलेक्ट्रोड, फायबर कापायचा क्लीव्हर, अल्कोहोल, जॉइंट क्लोजर, ताडपत्री आणि रूटवरच्या केबलमध्ये असतील तेवढ्याच फायबरच्या केबलचा तुकडा हवा. पेट्रोलिंगच्या माणसांना रेनकोट, टॉर्च आणि गावातल्या ओळखीच्या माणसाचा नंबर द्या. आणि शिफ्टच्या वहीत पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा: पाणी ओसरेपर्यंत ओढ्यात कोणी उतरायचं नाही, एनओसीतून कितीही फोन आले तरी.