प्रोटीन-प्रोटीन इंटरॅक्शन तपासताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की पुण्यातल्या एमएस्सी-पीएचडीवाल्यांची एकच धावपळ असते. थीसिस टायपिंगला जाण्याआधी माझं प्रोटीन कुणाशी तरी जुळतं, हे दाखवायचं असतं. पाषाणची लॅब असो की गणेशखिंडची, तक्रारी दोनच. ‘बँड (ब्लॉटवर प्रोटीनची दिसणारी रेघ) येत नाही’ ही पहिली. ‘बँड आलाय, पण खरा आहे का?’ ही दुसरी, आणि ती घेऊन फारसं कुणी येत नाही. बँड आला की पेढे वाटले जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बँड आला, पण खोटा

को-आयपी, म्हणजे एका प्रोटीनला अँटिबॉडीनं ओढून (हा आयपी) त्याच्या मागून दुसरं येतं का ते पाहणं. ते करताना आपण पहिलं काम काय करतो, तर पेशी फोडतो. जिवंत पेशीत केंद्रकातलं प्रोटीन आणि मायटोकाँड्रियातलं प्रोटीन यांची गाठ पडायचं कारण नसतं. पण वाडा पाडला की वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि तळघरातलं सामान एकाच ढिगाऱ्यात सापडतं, तसं लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या रसात) होतं. चिकट, भारित प्रोटीनं मिळेल त्याला धरून बसतात. म्हणून तुमची दोन्ही प्रोटीनं जिवंत पेशीच्या एकाच भागात असतात का, हे आधी पाहा. फ्रॅक्शनेशन (पेशीचे भाग वेगळे करणं) करा, निदान इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीनं जागा पाहणं) तरी.

तुमचं प्रोटीन डीएनएवर किंवा आरएनएवर बसणारं असेल तर आणखी एक फसगत होते. दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारी प्रोटीनं) डीएनएच्या एकाच तुकड्यावर शेजारी बसले असले, तरी एकाला ओढल्यावर दुसरा मागून येतो. एकमेकांना ते शिवलेलेही नसतात. लायसेटला बेंझोनेज (डीएनए-आरएनए कापणारं एन्झाइम) लावून पुन्हा आयपी करा. बँड गेला, तर मधला दुवा न्यूक्लिक आम्लाचा होता. बेंझोनेजला मॅग्नेशियम लागतं. बफरमध्ये ईडीटीए (हे असे धातू पकडून ठेवतं) भरपूर असेल तर एन्झाइम नुसतंच पडून राहील आणि ‘बँड टिकला हो!’ म्हणून तुम्ही खूश व्हाल.

दोन्ही प्रोटीनं फ्लॅग आणि एचए हे टॅग लावून, सीएमव्ही या जोरदार प्रमोटरखाली भरमसाट बनवून केलेला को-आयपी हा माझ्या मते पुरावाच नव्हे, फार तर इशारा. इतक्या प्रमाणात बनलेल्या प्रोटीनची घडी बिघडते, मग घडी सांभाळणारी एचएसपी70 सारखी प्रोटीनं त्याला धरतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यादीत एचएसपी70, ट्यूब्युलिन, अ‍ॅक्टिन आणि रायबोसोमची प्रोटीनं वर दिसली की उत्साह जरा आवरा. ती जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत असतात. (केराटिन दिसलं तर ते बहुधा तुमच्याच हाताचं.) पेशीत मुळात असलेल्या प्रोटीनवर, निदान एका बाजूनं तरी, आयपी करून दाखवा. मग उलट दिशेनंही, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला ओढून, करा.

कंट्रोल म्हणून नुसते बीड्स (अँटिबॉडी धरणारे मणी) पुरत नाहीत. त्याच प्राण्याचं, तेवढ्याच प्रमाणातलं आयजीजी (तुमच्या प्रोटीनसाठी न बनलेली साधी अँटिबॉडी) हवं. ज्या पेशीतून ते प्रोटीनच काढून टाकलंय अशी नॉकआउट पेशी मिळाली तर त्याहून उत्तम. आणि 50 किलोडाल्टनच्या आसपासचा दणदणीत बँड पाहून नाचू नका. ती अँटिबॉडीची हेवी चेन असू शकते. लाइट चेन 25 ला दिसते. तुमचं प्रोटीन नेमकं तिथेच असेल तर ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्यातली अँटिबॉडी वापरा.

बँडच नाही

इथे बहुतेक वेळा गुन्हेगार बफर. रिपा बफर लॅबमध्ये तयार असतो म्हणून वापरला जातो. त्यात एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट ही डिटर्जंट असतात, आणि नाजूक जोड्या त्यातच सुटतात. एनपी-40 किंवा ट्रायटन हे सौम्य डिटर्जंट, आणि 150 मिलिमोलर मीठ, इथून सुरुवात करा.

सगळ्या जोड्या सारख्या घट्ट नसतात. बार्नेज हे एन्झाइम आणि त्याला अडवणारं बारस्टार यांचा केडी (जितका कमी, तितकी जोडी घट्ट) 10⁻¹⁴ मोलरच्या आसपास आहे. तुम्ही त्यांना कितीही धुवा. सिग्नलिंगमधल्या कित्येक जोड्या मात्र मायक्रोमोलरच्या घरात असतात. जुळण्याचा नेहमीचा वेग धरला तर अशी जोडी सेकंदा-दोन सेकंदांत सुटते. तिला दहा-दहा मिनिटांचे पाच वॉश दिल्यावर बीड्सवर काय उरणार? वॉश कमी आणि झटपट करा, किंवा पेशी फोडण्याआधी डीएसपी या रसायनानं क्रॉसलिंक करा, म्हणजे जोडी पक्की बांधा. हे ट्रिस बफरमध्ये करू नका. ट्रिसमध्येच अमिन असतं, ते डीएसपी खाऊन टाकतं.

जोडी फॉस्फेटवर अवलंबून असेल, म्हणजे एसएच2 डोमेनसारखी, तर फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणारी एन्झाइम रोखणारं द्रव्य) विसरून चालणार नाही. कॅल्मोड्युलिनच्या बऱ्याच जोड्यांना कॅल्शियम लागतं. तिथे ईडीटीएनं घात होतो. पीएमएसएफ (प्रोटीन कापणारी एन्झाइम रोखणारं द्रव्य) पाण्यात टिकत नाही, म्हणून आयत्या वेळी घाला. मे महिन्यात बेंचवर बर्फाच्या डब्याशिवाय बसूच नका. आणखी एक खास पुणेरी सूचना: रात्रभराचं इन्क्युबेशन बुधवारी लावत असाल तर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाणार आहे का, ते आधी पाहून घ्या.

यीस्ट, पिवळा रंग आणि स्कोअर

यीस्ट टू-हायब्रिड 1989 चं, फील्ड्स आणि साँग यांचं. गॅल4 या यीस्टच्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे दोन भाग वेगळे करून एकेका प्रोटीनला जोडायचे, जोडी जुळली की ते जवळ येतात आणि रिपोर्टर जनुक चालू होतं. पण कधी बेट (bait, म्हणजे ज्याचा जोडीदार शोधतोय ते प्रोटीन) एकटंच रिपोर्टर चालू करतं. रिकाम्या वेक्टरबरोबर ते आधी तपासा, थोडीफार गळती 3-एटी या द्रव्यानं दाबता येते. पटलात रुतलेलं प्रोटीन इथे आणू नका. ते केंद्रकात पोचतच नाही.

कॉन्फोकलमध्ये हिरवं आणि लाल मिळून पिवळं दिसलं, एवढ्यावर ‘बाइंड होतात’ लिहू नका. त्या सूक्ष्मदर्शकाला साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, आणि प्रोटीन असतं काही नॅनोमीटरचं. जवळीक मोजायची तर फ्रेट (एका चमकत्या रेणूकडून दुसऱ्याकडे ऊर्जा जाते का ते पाहणं) करा. ते सुमारे 10 नॅनोमीटरच्या आतच चालतं.

स्ट्रिंग या प्रोटीन-संबंधांच्या डेटाबेसमधला 0.9 स्कोअर म्हणजे घट्ट जोडी नव्हे. तो संबंधाबद्दलच्या खात्रीचा आकडा आहे, आणि तो संबंध नुसता कामापुरताही असू शकतो. प्रोटीनच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या अल्फाफोल्डला कुठलीही दोन प्रोटीनं दिली तरी ते काहीतरी चित्र देतंच. आयपीटीएम (जोडीच्या मांडणीबद्दलच्या खात्रीचा आकडा) 0.8 च्या वर असेल तर पुढे जा, 0.6 च्या खाली असेल तर त्या चित्रावर प्रयोग बेतू नका.

व्हायव्हातला प्रश्न

‘मध्ये तिसरं प्रोटीन नाही कशावरून?’ हा प्रश्न येणारच, आणि को-आयपीकडे त्याचं उत्तर नसतं. त्यासाठी दोन्ही प्रोटीनं ई. कोलायमध्ये बनवून, शुद्ध करून पुलडाउन करा, म्हणजे जीएसटी टॅग लावलेलं एक बीड्सवर धरून दुसरं त्याला चिकटतं का पाहा, सोबत नुसत्या जीएसटीचा कंट्रोल ठेवा. जीएसटी स्वतः जोडीनं राहतं, हेही ध्यानात असू द्या. मग स्पर्श होणाऱ्या जागेवरचं एखादं अमिनो आम्ल बदलून बंध तुटतो का ते बघा. त्याआधी बदललेल्या प्रोटीनची घडी शाबूत आहे का, हे सर्क्युलर डायक्रोइझमवर तपासा. घडीच मोडली असेल तर तो निकाल थीसिसमध्ये घालता येणार नाही.