जुनी गाडी घेताय? इंजिन थंड असतानाच बघा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सात-आठला बघायची. झिजलेलं इंजिन थंड असतानाच बोलतं. गरम झालं की धातू प्रसरण पावून फटी मिटतात, ऑइल सगळीकडे पोचतं आणि निम्मे आवाज दबतात. पोचल्यावर बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. कोमट लागला तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. ही एक फेरी लाखभराचं इंजिनकाम वाचवू शकते.

सेल्फ मारण्याआधी डिपस्टिक ओढा, फडक्याने पुसा, पुन्हा घालून काढा. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये हवी. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नका. अगदी नवंकोरं दिसलं तर सर्व्हिसचं बिल मागा, कारण धूर आणि आवाज झाकायला जाड ऑइल भरून गाड्या विकल्या जातात. बीएस६ डिझेलमध्ये लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल तर ऑइलचा वास घ्या. डिझेलचा वास आला, तर गाडी फक्त शहरात फिरली असून डीपीएफची (सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार अर्धवट राहिली असण्याची शक्यता मोठी. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

मग ऑइलचं झाकण काढून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरतंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला नुसत्या दमटपणानेही असा पातळ थर धरतो. म्हणून डिपस्टिकवर तोच रंग आहे का हे बघूनच ठरवा. डांबरासारखा काळा गाळ दिसला तर ऑइल वर्षानुवर्षं वेळेवर बदललेलं नाही. तो गाळ ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो आणि टर्बो, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर उपाशी राहतात.

कूलंटची टाकी थंड असतानाच उघडा, गरम असताना उकळतं पाणी अंगावर उडतं. हिरवं, गुलाबी, निळं, कुठलाही रंग चालेल. गंजकट तांबूस पाणी किंवा वर तेलाचा तवंग चालणार नाही.

आता चावी ऑन करा. चेक इंजिन आणि ऑइलचे दिवे लागले पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सेल्फ मारल्यावर गाडी एक-दोन सेकंदांत चालू व्हावी आणि ऑइलचा दिवा लगेच विझावा. पहिले काही क्षण टिकटिक झाली आणि ऑइल वर चढताच थांबली, तर हरकत नाही. पिकअप दिल्यावर खालून खोल ठक-ठक आली तर बेअरिंग गेलंय. तिथेच थांबा.

चालू केल्या केल्या दुसऱ्या माणसाला सायलेन्सरमागे उभं करा. निळ्या धुराचा एकच झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील झिजलंय. पिकअप दिला की निळा येत राहिला तर पिस्टन रिंग झिजलीय, टर्बो गाडीत टर्बोचं सीलही असू शकतं. थंडीत निघणारी पांढरी वाफ लगेच विरते. गाडी तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. चालू केल्या केल्याच रेडिएटरचा वरचा पाइपही दाबून बघा. इंजिन अजून गार असताना पहिल्या मिनिटभरातच पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय.

गाडी तापली की आयडलवर (पिकअप न देता) ऑइलचं झाकण सैल करून तसंच ठेवा. मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते इथे कळतं. झाकण थरथरलं तर चालेल, डिझेलमध्ये जरा जास्तच थरथरतं. पण ते उडालं किंवा तोंडातून फकफक धूर येऊ लागला, तर रिंग झिजून जळालेला गॅस खाली उतरतोय. झाकण काढल्यावर पेट्रोल गाडी थोडी अडखळली तर काळजी नको, आत हवा ओढली जातेय इतकंच.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, सोबत न्या. ब्लूटूथवाला स्वस्त मिळतो आणि मोबाइलवर चालतो. कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते सांगणारी नोंद) अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. विचारा. एसी बंद ठेवून गाडी आयडलवर उभी ठेवा: फॅन आपोआप लागून बंद झाला पाहिजे आणि तापमान साधारण ८५ ते १०५ अंशांत राहिलं पाहिजे.

मग एसी लावून चढावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून पूर्ण पिकअप द्या आणि गाडी अडखळते का, धूर सोडते का, तापमान चढतं का ते बघा. शंका उरलीच तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करून घ्या. सिलिंडर-सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. पेट्रोल इंजिनात कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

२०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये कित्येक गाड्या पुराखाली गेल्या होत्या. पाणी एअर फिल्टरमधून आत गेलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून फिल्टरच्या डब्याच्या तळाशी गाळाची रेघ शोधा, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला माती बघा.

पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळवा. इंजिन बदललंय आणि आरटीओत नोंद नाही, असं निघालं तर गाडी नावावर होताना अडते.