सोरायसिसचे, म्हणजे कातडीवरचे खवल्यांचे चट्टे दाखवायला जाताय? आधी हे करा

फाइल, रिपोर्ट, पैसे हे सांगायला नको. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या, बीपीच्यासुद्धा. काही गोळ्यांनी सोरायसिस भडकतो. कुणा वैदूची पुडी घेत असाल तर तीही दाखवा.

आता मुख्य. मागचे सात दिवस लिहून न्या. मिरजेला दवाखान्यात गेलं की दहा प्रश्नांचा कागद हातात देतात. त्याला डीएलक्यूआय म्हणतात, कातडीच्या आजाराने रोजचं जगणं किती अडतं ते मोजायचा. १९९४ पासून जगभर चालतो. सगळे प्रश्न गेल्या आठवड्याचेच: खाज, लाज, कपडे, बाजारहाट, काम, नवराबायकोचे संबंध, मलमांचा व्याप. प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३०. मी रांगेत बसून 'थोडंसं', 'अजिबात नाही' करत सुटलो, कारण शेजारी गावातलाच माणूस कागदात डोकावत होता. त्याच आठवड्यात बोटांच्या भेगांमुळे कात्री धरवेना म्हणून द्राक्षाची विरळणी सोडून घरी बसलो होतो, ते कुठेच आलं नाही! बेरीज १० च्या वर गेली की त्रास मोठा धरतात. म्हणून रोज रात्री दोन ओळी लिहा: झोप लागली का, काय काम अडलं, कुठे जायचं टाळलं.

किती अंगावर पसरलंय ते घरीच मोजा. आपला तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. पेपरवर स्वतःचा हात आखून कापा आणि पाठीवर ठेवून घरच्यांना मोजू द्या. हात पेशंटचाच हवा, मोजणाऱ्याचा नव्हे.

डॉक्टर पासी नावाचा आकडा काढतात, आजार किती जोरात आहे त्याचा: चट्ट्यांची लाली, जाडी, खवले आणि पसारा, सगळं मिळून ० ते ७२. त्यामुळे त्या सकाळी तेल, व्हॅसलीन नको, खवले चापून बसतात. हळद तर मुळीच नको, सांगलीचे असलो तरी! सावळ्या कातडीवर लाली आधीच जांभळट दिसते, त्यात पिवळं फासलं की संपलंच. नेलपेंट काढा, नखांतले खड्डे दिसू देत. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत.

डोकं, तळवे, जांघ, नखं इथे टक्के कमी भरतात, पण त्रास जबर. न विचारता सांगा. सकाळी सांधे आखडत असतील तर तेही.

सैल कपडे. तारखेसह फोटो. पुढच्या खेपेला तो दहा प्रश्नांचा कागद परत भरायचाय, आधीच्या आकड्याशी ताडून बघतात. तेव्हाही सात दिवस आधीपासून लिहा. एसटीत बसून आठवू म्हणाल तर काही आठवत नाही.