ओनियन संकेतस्थळ उभारताना सर्व्हरचा पत्ता फुटू नये म्हणून

ठाण्यातील एखाद्या साप्ताहिकाने निनावी माहिती घेण्यासाठी टॉर या पत्ता लपवणाऱ्या जाळ्यावर पेटी, म्हणजे ओनियन पत्त्याचे संकेतस्थळ, उभारली, तर सर्व्हर कोठे आहे हे लपवण्याचे काम टॉर चोख करते. पत्ता फुटतो तो बहुधा मागच्या वेब सर्व्हरच्या ढिसाळ मांडणीमुळे.

पहिली तपासणी अपाचे या वेब सर्व्हरची करावी. टॉर आणि अपाचे एकाच यंत्रावर असले, की बाहेरून आलेली प्रत्येक विनंती अपाचेला १२७.०.०.१ वरून, म्हणजे घरातूनच, आल्यासारखी दिसते. डेबियन या लिनक्स प्रणालीवर अपाचेचे स्टेटस मॉड्यूल (सर्व्हरची चालू स्थिती दाखवणारा भाग) मुळातच चालू असते आणि त्याचे पान फक्त स्थानिक विनंत्यांना दाखवायचे, अशी त्याची मांडणी असते. येथे मात्र सारे जगच स्थानिक ठरते. ओनियन पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘सर्व्हर-स्टेटस’ टाकणाऱ्या कोणालाही चालू विनंत्यांची यादी दिसते, आणि त्याच यंत्रावर संस्थेचे नेहमीचे संकेतस्थळ असेल, तर त्याचे डोमेन व त्याच्या वाचकांचे आयपी पत्तेही दिसतात. ऐरोलीतील एका संस्थेची अशी पेटी मी तपासली, तेव्हा मूळ डोमेन पहिल्याच मिनिटाला समोर आले होते. हे मॉड्यूल बंद करून अपाचे पुन्हा सुरू करावे आणि तेच पान टॉर ब्राउझरमधून मागून पाहावे. ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे उत्तर आले तरच पुढे जावे.

त्यानंतर वेब सर्व्हर केवळ १२७.०.०.१ वर ऐकतो आहे, ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर, नाही, याची खात्री करावी. सर्व्हरचा सार्वजनिक आयपी मोबाइल डेटावरून उघडून पाहावा. तेथे पेटीचे पान दिसले, तर इंटरनेट चाळणाऱ्या शोधयंत्रांनाही ते दिसणारच. पेटीसाठी वेगळे यंत्र ठेवणे उत्तम, कारण एकच एसएसएच किल्ली (दुरून प्रवेश करताना सर्व्हरची ओळख पटवणारी) दोन्हीकडे दिसली तरी नाते जुळते.

तलावपाळीवर मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश असू शकतात, म्हणून ते चढवण्यापूर्वी एक्झिफटूल या साधनाने पुसावेत. आपोआप जाणारे ईमेल तर शक्यतो नकोच: ‘अल्फाबे’ या टॉरवरील बेकायदा बाजाराच्या स्वागत-ईमेलच्या शीर्षभागात संस्थापकाचा खासगी हॉटमेल पत्ता गेला होता, असे अमेरिकी तपास यंत्रणांनी २०१७ मध्ये न्यायालयात मांडले.

५६ अक्षरांचा ओनियन पत्ता गुप्त किल्लीवरूनच तयार होतो; ती फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याला त्याच पत्त्यावर बनावट पेटी उभारता येते. म्हणून तिची प्रत कूटबद्ध पेनड्राइव्हवर, कार्यालयाच्या सामायिक ड्राइव्हपासून दूर ठेवावी.