नवी सायकल घेताय? आधी या चुका टाळा

सायकलच्या दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, गिअर किती? २१ ऐकलं की आपण खूश. अहो पण २१ म्हणजे पुढे ३ चकत्या गुणिले मागे ७, त्यातले बरेच गिअर जवळपास सारखेच पडतात आणि घर-ऑफिस करणारा माणूस चार-पाचच्या पुढे जात नाही.

खरी गंमत होते फ्रेमच्या साइझमध्ये. लोक २६ की २९ एवढंच विचारतात, पण तो चाकाचा आकडा झाला, फ्रेमचा नाही! माझी उंची ५ फूट ५, दुकानदाराकडे २० इंची फ्रेम पडून होती, म्हणाला न्या बिनधास्त, सीट खाली करून देतो, आणि मी नेली पण. सीट गेली खाली, हँडल थोडंच जवळ येतंय? पंधरा दिवसांत तळहाताला मुंग्या, मान आखडलेली, वर सीट जास्तच खाली गेल्यामुळे गुडघा पुढून दुखायला लागला, शेवटी अर्ध्या किमतीत विकली. त्यामुळे दांड्याच्या दोन्ही बाजूला पाय टाकून उभं राहून बघा, मध्ये एक-दोन इंच जागा हवीच, आणि एक चक्कर मारल्याशिवाय पैसे देऊ नका. सीट लावताना टाच पायडलवर ठेवायची, पायडल पार खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर.

स्वस्तातल्या सायकलीला पुढे-मागे सस्पेन्शन असेल तर सरळ नाही म्हणा. वजन वाढतं आणि कात्रजच्या चढाला तुमचा अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो.

ऑनलाइन मागवली तर खोक्यात अर्धवट जोडलेली येते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते जोर लावून उजवीकडे फिरवलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतं तिचे, आटेच गेले. शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका, मेकॅनिककडून जोडून घ्या.

महिनाभरात गिअर आपोआप उड्या मारायला लागले तर घाबरू नका, नवी केबल थोडी सैल पडतेच, पहिल्या सर्व्हिसिंगला ताणून मिळते. आणि सारखं पंक्चर होत असेल तर ट्यूब बघा, शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर तो खिळा नाही, हवा कमी ठेवून तुम्ही खड्ड्यात घातलेली सायकल आहे. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं, वाचतं कोण!