पहिली स्पोर्ट बाइक: सुरुवात मोजपट्टीपासून

पहिली स्पोर्ट बाइक घ्यायचं ठरलं की माणूस मोबाइल उघडतो आणि टॉप स्पीडचे व्हिडिओ बघत बसतो. मोबाइल बाजूला ठेवा आणि घरातली मोजपट्टी शोधा. ज्या बुटांत गाडी चालवणार ते घालून भिंतीला पाठ लावून उभे राहा, जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. त्याच्या शेजारी मनात असलेल्या गाड्यांच्या सीटची उंची लिहा. यामाहा आर३ ची ७८० मिलिमीटर, कावासाकी निन्जा ४०० ची ७८५, केटीएम आरसी ३९० ची ८२० च्या घरात. कागदावर चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. चढावर सिग्नलला थांबलात की तेच चार सेंटिमीटर तुम्हाला चवड्यावर नाचवतात. नुसत्या उंचीवरही जाऊ नका. सीट पुढे निमुळती असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात आणि तेवढेच आखूड होतात. दोन्ही तळवे पूर्ण टेकायलाच हवेत असं नाही, पण निदान दोन्ही चवडे भक्कम टेकले पाहिजेत. मागच्या सस्पेन्शनची लिंक (जोडपट्टी) बदलून गाडी खाली बसवून देणारे भेटतात, त्यांच्या नादी सुरुवातीलाच लागू नका. मागची बाजू खाली गेली की हँडल जड होतं आणि वळणावर गाडी लवकर घासते. वर साइड स्टँड लांब पडतो तो वेगळाच.

उंचीवर मी इतका वेळ घालवतोय त्याला कारण आहे. माझी पहिली फेअरिंगवाली, म्हणजे अंगावर प्लास्टिकचं आवरण असलेली, गाडी मी ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने पाडली. पार्किंगमध्ये वळत होतो, हँडल पूर्ण डावीकडे होतं, समोर कुणीतरी आलं म्हणून पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली आणि डावीकडे कलली. चवड्याला जमीन लागेपर्यंत ती इतकी झुकली होती की सावरणं हातात राहिलं नाही. एखादी म्हैस बसावी तशी ती सावकाश बसली. क्लच लिव्हरचं टोक मोडलं, इंडिकेटर वायरला लोंबकळू लागला, प्लास्टिकला वीतभर चीर गेली. मी वेड्यासारखा हँडल धरून ओढत होतो. शेवटी एक अनोळखी काका आले आणि म्हणाले, “अरे, पाठ कर गाडीकडे. कंबर सीटला लाव आणि पायांनी मागे रेट.” गाडी उठली.

म्हणून यादीतली दुसरी नोंद वजनाची. आर३ काय किंवा निन्जा ४०० काय, पेट्रोल भरून साधारण १७० किलो. सहाशे सीसीची यामाहा आर६ १९० च्या आसपास. घेण्याआधी ओळखीच्या कुणाची तरी गाडी इंजिन बंद ठेवून ढकलून बघा. मागे घ्या, अरुंद जागेत वळवा, स्टँडवर लावा. उचलायची रीतही आधीच शिकून घ्या. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर घामाघूम होऊन उचललेली गाडी पलीकडच्या बाजूला जाऊन पडते.

आता ज्यावर सगळी भांडणं होतात तो मुद्दा, ताकद. नुसत्या सीसीवरून काही कळत नाही. कावासाकीची झेडएक्स-२५आर अडीचशे सीसीचीच, पण चार सिलिंडरची आणि १७,००० आरपीएमपर्यंत (इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या) किंचाळणारी. बघायचं ते हे की ताकद किती आहे आणि ती कुठे येते. युरोपात मधल्या पायरीचा जो ए२ परवाना आहे त्याची मर्यादा ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ अश्वशक्ती. तुमच्याकडचे नियम काहीही असोत, नवशिक्यासाठी मला ही रेघ पटते. आर३ ४२ अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे रेघेच्या आत. आर६ ११५ च्या पुढे. “मी मनावर ताबा ठेवीन, मोठी घेऊन हळू चालवीन” असं सगळेच म्हणतात, पण प्रश्न मनाचा नाहीच, मनगटाचा आहे. खड्ड्यात चाक आदळलं की शरीर मागे जातं आणि हात थ्रॉटलला लटकतो. छोट्या गाडीवर याचा एक धक्का बसतो आणि तुम्ही स्वतःलाच एक शिवी देता. सुपरस्पोर्टवर, म्हणजे आर६ सारख्या गाडीवर, आणि त्यातही इंजिन नऊ-दहा हजार आरपीएमच्या वर फिरत असेल तर, तेवढ्याच चुकीला पुढचं चाक हलकं होतं किंवा मागचं घसरतं. शिवाय अशी सहाशे सीसीची गाडी पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जाते. रस्त्यावर ती कधी पुरती पिळता येत नाही, मग गिअर, ब्रेक आणि वळण यांचा मेळ शिकणार कुठे? छोटी गाडी तुम्हाला राबवते आणि राबवून शिकवते.

इंजिनाच्या स्वभावाबद्दल थोडंच सांगतो. एक सिलिंडर खालच्या आरपीएमला जोरात ओढतो पण हादरतो. दोन सिलिंडरची गाडी गुळगुळीत आणि समजूतदार. पहिल्या गाडीला मी दोन सिलिंडरकडे झुकेन. एकच सिलिंडर आवडला तर त्यातही काही चुकलं नाही.

एबीएसबद्दल मात्र घासाघीस नको. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना हवंच. घाबरलेला नवशिका पुढचा ब्रेक मूठ आवळावी तसा आवळतो, चाक जाम होतं आणि हँडल हातातून निसटतं. एबीएस चाक थांबायला लागल्याचं ओळखून क्षणभर दाब सोडतं आणि पुन्हा धरतं. साधं एबीएस गाडी सरळ असतानाचं, हे लक्षात ठेवा. झुकलेल्या गाडीचा हिशेब ठेवणारं वेगळं असतं आणि ते सगळ्या गाड्यांना नसतं. स्लिपर क्लचही उपयोगाचा. घाईत दोन गिअर खाली मारले तरी मागचं चाक उड्या मारत नाही. क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय, असला तर असला. रायडिंग मोड आणि रंगीत डिस्प्लेसाठी मन अडवू नका.

पुढे, बसून बघायचं. नुसतं बसून फोटो काढायचा नाही, दहा मिनिटं बसायचं. हँडल खाली, फूटरेस्ट मागे, अंग पुढे वाकलेलं. सगळं वजन तळहातांवर येत असेल तर टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा आणि पोटाच्या बळावर कंबर सावरा, मग कोपर सैल सोडून बघा. तरीही मनगट दुखत असेल तर ती गाडी रोजच्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला रडवेल. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. अंगठा टाकीला चेपतोय का? यू-टर्न घेताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. ब्रेकचं लिव्हर दोन बोटांनी नीट पोचतंय का, तेही बघा.

सेकंड हँड घ्यायला माझा विरोध नाही, उलट पहिली गाडी पडणारच म्हणून मी तीच सुचवेन. पण सकाळी जा आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर समजा, गार असताना सुरू व्हायला त्रास देणारी गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवली असेल. मग उकिडवं बसा. गाडी पडली होती का, हे मालकापेक्षा टोकं खरं सांगतात. हँडलच्या कडा, लिव्हरची टोकं, फूटरेस्टची बाहेरची बाजू, सायलेन्सरची पाठ. एका बाजूचं लिव्हर नवं आणि दुसऱ्या बाजूचं जुनं असेल तर का ते विचारा. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं ती फ्रेमवरची धातूची गाठ बघा. ती चेपलेली किंवा तडकलेली असेल तर गाडी जोरात आदळलेली असण्याची दाट शक्यता, तिथूनच परत फिरा. पुढचा ब्रेक धरून पुढची बाजू पाच-सहा वेळा दाबा आणि फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) चकचकीत नळीवर पांढरं फडकं फिरवा. तेल लागलं तर सील गेलेलं. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) सर्वांत मागच्या दातापाशी चेन बोटाने ओढा. ती दातापासून चांगलीच सुटत असेल, किंवा दात लाटेसारखे एका बाजूला कललेले असतील, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावी लागतात. टायरच्या बाजूला चार अंकी शिक्का शोधा. २४२३ म्हणजे २०२३ सालातला चोविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. किलोमीटर कमी दाखवतात आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. चासी आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः जुळवा. पाहुण्यांसारखं चहा पीत मालकाच्या तोंडून ऐकू नका.

गाडी ठरवण्याआधी विम्याचा आकडा काढून घ्या, स्पोर्ट बाइकला तो बऱ्याचदा जास्त असतो. फेअरिंगचे सुटे भाग सहज मिळतात का, तेही विचारा. परवाना त्या वर्गाच्या गाडीला चालतो ना, हे बघायला दोन मिनिटं लागतात.

सुरक्षेच्या सामानाचे पैसे गाडीच्या बजेटमधून आधी बाजूला काढायचे, उरले तर घेऊ असं म्हणायचं नाही. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घ्या, ईसीई २२.०६ सारख्या हेल्मेटच्या सुरक्षा मानकाचा शिक्का असलेलं. ते घालून डोकं हलवलं की गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. दुकानात वीस मिनिटं घालून ठेवा, कपाळावर एका जागी कळ आली तर ते तुमच्या डोक्याच्या आकाराचं नाही. आदळलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी निवृत्त. हातमोजे घेताना तळहाताच्या बुडाशी कडक पट्टी आहे का बघा, कारण पडताना माणूस पहिला हात टेकतो. जॅकेटच्या पाठीत बऱ्याचदा नुसता फोम असतो, खरा गार्ड वेगळा घ्यावा लागतो. बूट घोटा झाकणारे.

गाडी घरी आणायच्या दिवशी पाऊस असेल तर तारीख बदला. नवे टायर सुरुवातीला निसरडे असतात, पहिले शे-दीडशे किलोमीटर सौम्य हातानेच. इंजिन किती किलोमीटरपर्यंत कुठल्या आरपीएमच्या आत ठेवायचं, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा एवढीच विनंती.

पहिल्या महिन्यात मोकळं मैदान शोधा आणि रविवारी सकाळी तिथे जा. ४० च्या वेगाने येऊन सरळ रेषेत थांबायचं, पुढचा ब्रेक हळू धरून मग वाढवत न्यायचा. दहा वेळा. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लावले तरी ६० वरून थांबायला वीसेक मीटर लागतात आणि १०० वरून पन्नासच्या वर. मेंदू जागा होईपर्यंतचा एक सेकंद वेगळा, शंभरच्या वेगात त्यातच अठ्ठावीस मीटर जातात. स्वतः पावलांनी मोजून बघा. मग आठचा आकडा काढा, नजर चाकाकडे न ठेवता जायचं तिकडे. थोडा वेग आला की डावीकडे जायला हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकला. गाडी डावीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं, पण हात एकदा ते शिकले की वळणाची भीती निम्मी होते.

मैदानातली जमीन मऊ असते. स्टँडखाली ठेवायला एक चपटी फरशी किंवा दाबलेला डबा सोबत न्या, स्टँड पूर्ण पुढे गेलाय हे पायाने चाचपा, आणि मगच गाडीचं वजन सोडा.