सरांची आठवण टिकवायची, तर आधी कागद वाचवा

स्मृतिदिन, व्याख्यानमाला, गौरवग्रंथ हे सगळं नंतर. चळवळीतले प्राध्यापक गेले की महिना-दोन महिन्यांत घराची आवराआवर निघते आणि रद्दीवाला येतो. त्याआधी घरच्यांशी बोला. पुस्तकं कुणीही ठेवतं. जातात ती पत्रकं, पावतीपुस्तकं, बैठकांच्या वह्या.

हात लावण्याआधी कपाटाच्या प्रत्येक कप्प्याचा फोटो काढा आणि गठ्ठे आहेत त्याच क्रमाने उचला. 'अध्यापन' आणि 'चळवळ' असे दोन ढीग करायचा मोह होतो, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. एम.ए.च्या टाचणांत मोर्चाचं पत्रक सापडलं, तर ते तिथेच राहू द्या. वर्ग आणि वस्ती सरांनी वेगळी मानली नव्हती, याचा पुरावा तोच आहे. पाठकोरे कागदही उलटून बघा.

गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा, गंज कागद खातो. सेलोटेप लावू नका; त्याचा डिंक पिवळा पडून आत मुरतो. लॅमिनेशन तर नकोच. कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानावर डाग पाडतं. पाकिटावर मूळ जागा लिहा. कागद उन्हात वाळवू नका, शाई उडते. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वाळवी बघा. स्कॅन 300 डीपीआयवर, बारीक अक्षर असेल तर 600 वर. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात.

पत्रकावर वार-तारीख असते, साल नसतं. समजा 'रविवार, 6 ऑगस्ट' एवढंच छापलंय. 6 ऑगस्टला रविवार 1972 मध्ये आला, 1978 मध्ये आला, त्यानंतर थेट 1989 मध्ये. मजकूर दुष्काळी कामांचा असेल तर 1972 कडे झुकतो; मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या, ठरावानंतरच्या जाळपोळीचा असेल तर 1978, कारण ठराव 27 जुलै 1978 चा. नामविस्तार, म्हणजे जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडणं, झाला 14 जानेवारी 1994 ला. बोलताना लोक या दोन तारखांची हमखास गल्लत करतात, म्हणून आठवणीतलं साल कागदाशी ताडून घ्या. अंदाजाने ठरवलेलं साल चौकटी कंसात, पेन्सिलीने. गावाचं, विद्यापीठाचं नाव कागदावर असेल तसंच नोंदवा.

मुलाखतीला जाताना एक कागद सोबत न्या. "सर कसे होते?" विचारलं की नुसती स्तुती मिळते. पत्रक हातात देऊन विचारा: हे कुठे छापलं? पैसे कुणी दिले? कोणत्या गाडीने गेलात? भाकरी कुणी बांधून दिली? या शेवटच्या प्रश्नाने घरातल्या आणि वस्तीतल्या बायांपर्यंत पोचता येतं, त्यांची मुलाखत वेगळी घ्या; पुरुषमंडळी शेजारी बसली की त्या गप्प होतात. एका बैठकीला तासभर पुरे. पंखा बंद, फोन विमान मोडवर, दुसऱ्या मोबाइलवरही ध्वनिमुद्रण. संमती आधी, लेखी.

छापण्याआधी दोन गोष्टी बघा. सरांच्या लेखनाचा हक्क त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो, मात्र सरांना आलेल्या पत्रांचा हक्क ती लिहिणाऱ्यांचा. आणि अत्याचाराच्या तक्रारींतली पीडितांची नावं झाका: ती कुटुंबं त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहत असतात.